विशाखाचा ट्रेलर

नांदेड
मंगळवार, दुपार

प्रिय मुकुल,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. हॉस्टेल सुटल्यापासून मी कुणाला पत्र असं लिहिलेलं नाही, त्यामुळं अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे. थिएटरच्या ऑफिसात बसून लिहितोय. आत दुपारचा शो चालू आहे. थोडीफार माणसं आहेत, त्यातली निम्मी नुसती एसीला आलेली. बाहेर ऊन असं आहे की उन्हात लावलेल्या गाडीच्या सीटवर बसवत नाही.

आधी मालूची खुशाली. सुट्टीला आजोळी आलेली तुझी लेक मजेत आहे. सकाळी आईच्या मागं मागं स्वयंपाकघरात, दुपारी शेजारच्या उज्वलाताईंकडं पत्ते, संध्याकाळी माझ्याबरोबर गच्चीवर पाणी मारायला. केस कापायचे म्हणून हटून बसली होती, आईनं नेऊन कापून आणले. आता मानेला वारा लागतो म्हणते. आंबा खाताना कोय पांढरी होईपर्यंत सोडत नाही. ही सवय कुणाची ते तुला सांगायला नको. शाळा सुरू व्हायच्या आत तिला आणून सोडतो, काळजी करू नकोस.

मी मुंबईहून हात हलवत परत आलो, तेव्हापासून तुझं-माझं बोलणं थांबलंय. मला लिहायचंय ते त्याबद्दलच आहे, पण सुरुवातीपासून लिहिल्याशिवाय मला पुढं सरकता येणार नाही. तुला माहीत असलेलंही त्यात येईल. येऊ दे.

मागच्या वर्षी जानेवारीत कंधारच्या किल्ल्यात त्या पिक्चरचं शूटिंग झालं, तेव्हा तुझ्या क्लासच्या पोरांच्या परीक्षा तोंडावर होत्या आणि तुला लातूर सोडता येत नव्हतं. विशाखा मालूला घेऊन आमच्याकडं आली. मालू आईजवळ राहायची आणि मी माझ्या बहिणीला गाडीनं कंधारला नेऊन आणायचो. पिक्चरमधलं तिचं काम लहानसंच होतं. खंदकात बुडून मेलेली एक बाई नवऱ्याला दिसते, दोन वाक्यं बोलते आणि परत पाण्यात जाते. त्यांना आपल्याकडची बोली तोंडात असलेली बाई पाहिजे होती, आणि कुणीतरी लातूरच्या नाटकात काम करणाऱ्या शाळेतल्या बाईंचं, म्हणजे विशाखाचं, नाव सुचवलं. लिहून आलेलं वाक्य होतं, ‘इकडे ये, मी इथेच आहे.’ विशाखा दिग्दर्शकाला म्हणाली, “सर, आमच्याकडची बाई मेली तरी असं नाही बोलायची.” आणि तिनं ते म्हणून दाखवलं. “ये की. मी हितंच हाय.” तो माणूस म्हणाला, असंच बोला. ऊन उतरत आलेलं, खंदकाचं पाणी बर्फासारखं, आणि ही कमरेपर्यंत पाण्यात उभी. बाहेर आल्यावर माझी शाल गुंडाळून चहा पिताना दात वाजत होते तरी हसत होती. म्हणाली, “दादा, भूत झाले तरी चहा काही सुटत नाही बघ.”

त्याच वर्षी गणपती उठले आणि तिला ताप आला. पुढचे दिवस तू दवाखान्यात काढलेस, मी तुझ्या शेजारी. ती गेली, त्यावर मी काही लिहीत नाही.

डिसेंबरात ट्रेलर आला. तुला माझ्या कामातलं बरंच माहीत आहे, पण हे कदाचित नसेल. लोकांना वाटतं सेन्सॉर फक्त पिक्चरला असतो. तसं नाही. ट्रेलरलाही वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते आधी पडद्यावर दिसावं लागतं, आणि मोठ्या माणसांसाठीचा ट्रेलर लहान मुलांच्या पिक्चरला जोडता येत नाही. त्याचं कारण मला नेहमीच पटत आलंय. पिक्चरचं तिकीट माणूस आपण होऊन काढतो. ट्रेलरचं कुणी काढत नाही. तो येऊन समोर उभा राहतो. म्हणून नवा ट्रेलर आला की सकाळी रिकाम्या थिएटरात बसून मी तो एकदा बघतो, प्रमाणपत्र बघतो, आणि कोणत्या शोला लावायचा ते ठरवतो. त्या सकाळी प्रमाणपत्र आलं, सर्वांसाठी. मग किल्ला, कंदील घेऊन पळणारा माणूस, पाणी. आणि मग विशाखा. घराएवढा चेहरा, मुकुल. पापणीवर पाण्याचा एक थेंब आहे, तो पडत नाही. ती हळूहळू मान वळवते, बरोबर आपल्याकडं बघते आणि म्हणते, “ये की. मी हितंच हाय.” लगेच पडदा काळा. वर मशीनवर आमचे आप्पासाहेब असतात, तिच्या लग्नात पंगतीला वाढलेला माणूस. त्यांनी खिडकीतून विचारलं, “साहेब, आपली विशाखाताई हाय ना ही?”

त्याच दिवशी मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, सांगितलंस ते बरं केलंस, मी आता थिएटरकडं फिरकणार नाही. मी निर्मात्याच्या माणसालाही फोन लावला, उमाशंकर त्याचं नाव. तो बिचारा हळहळला. त्यानं सांगितलं की त्यांनी आधी बनवलेल्या ट्रेलरमध्ये सुरा होता, भिंतीवर रक्त होतं, सिगारेट होती. पण त्यांना तो सगळीकडं चालवायचा होता, टीव्हीवर, पोराटोरांच्या पिक्चरला. म्हणून एकेक करून तसलं सगळं काढलं, आणि मोकळी झालेली जागा भरायला विशाखाचा शॉट लांबवला. ती नुसती बघते, गोड बोलते, त्यात कुणाला काय हरकत असणार. नियमात बसवता बसवता शेवटी आपली विशाखाच उरली होती.

नांदेडात मुलांच्या शोला मी तो लावला नाही. पण लातूरचं थिएटर माझं नाही. नाताळच्या सुट्टीत मालूच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, तिची आई सगळ्या पोरींना कार्टूनचा पिक्चर बघायला घेऊन गेली. पिक्चर मुलांचा, ट्रेलर सर्वांसाठीचा, कुणी काही चुकीचं केलेलं नव्हतं. त्या बाईंनी नंतर तुला जे सांगितलं ते तू मला सांगितलंस, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. बाकीच्या पोरी किंचाळल्या. मालू किंचाळली नाही. ती उठून उभी राहिली, “आले, आले” म्हणाली, अंधारात पायऱ्या उतरून थेट पडद्यापाशी गेली, बाजूचं दार ढकलून बाहेर निघून गेली. ते दार पार्किंगमध्ये उघडतं. बाई धावत मागं गेल्या तर पोरगी उन्हात उभी राहून इकडंतिकडं बघतेय. मग त्यांना म्हणाली, “आई दुसऱ्या बाजूनं गेली वाटतं.” त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शाळेचे बूट काढायच्या आधी तुला एकच विचारायची, आज जायचं का.

तू तक्रार केलीस. उत्तर आलं की प्रमाणपत्र आहे, नियमाचा भंग नाही. मग तू मला म्हणालास, अवधूत, तू या धंद्यातला आहेस, काहीही कर पण ते बंद कर. मी करतो म्हणालो. पण आमच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते मी तुला बोललो नाही. तुझ्या पुढ्यात एक होतं तेवढं पुरे होतं.

टीव्हीवर तो ट्रेलर छोटा करून लावत होते, मालिकांच्या मधे. उज्वलाताईंनी आईला सांगितलं. त्यानंतर आई संध्याकाळी सातला टीव्हीसमोर बसायची ते जेवायलाही उठायची नाही. तिला मालिकेशी काही घेणं नव्हतं, आवाज बंद करून ठेवायची आणि जाहिराती लागल्या की मोठा करायची. मी घरी आलो की सांगायची, “आज दोनदा आली बघ.” एखाद्या दिवशी, “आज नाही आली. येईल उद्या.” माहेरी येणाऱ्या लेकीबद्दल बोलावं तसं. एकदा मी दारात चपला काढत होतो आणि आतून विशाखाचा आवाज आला, ये की. आणि त्यावर आईचा आवाज, अगदी साधा, “हाव, आले गं, भाकर तव्यावर हाय.” मी तसाच परत चपला घालून खाली उतरलो आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

म्हणजे लातूरला तू ते बंद कर म्हणत होतास, आणि इथं माझी आई त्याच्यावर जगत होती. तशात मी मुंबईला गेलो. सेन्सॉरच्या कचेरीत एक अधिकारी बाई भेटल्या. चांगल्या होत्या. मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, ट्रेलर माझ्यासमोर परत लावला. मग कागद पुढं सरकवून म्हणाल्या, आक्षेप काय आहे तो लिहा. मी बराच वेळ पेन धरून बसलो. रक्त नाही, शिवी नाही, अंगावर कपडा नीट आहे, कुणाच्या धर्माला धक्का नाही. शेवटी मी लिहिलं, की यातली बाई आता जगात नाही आणि यात ती जिवंत दिसते. त्यांनी ते वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “अवधूतजी, मला फार वाईट वाटतंय. पण यात मी कापू काय?” परत येताना नांदेड येईपर्यंत मी त्याचं उत्तर शोधत होतो. तुला मी फोनवर एवढंच म्हणालो, जमलं नाही. तू फोन ठेवलास.

पिक्चरची तारीख पुढं पुढं जात राहिली, म्हणून ट्रेलरही चालत राहिला, थेट उन्हाळ्यापर्यंत. एप्रिलच्या शेवटी पिक्चर लागला, आणि लागल्यावर ट्रेलर सगळीकडून गेला. आई रिमोट घेऊन बसायची, चॅनल बदलत राहायची. असे चार-पाच दिवस गेले. मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “पिक्चरात तर पूर्ण हाय ना ती? मग मला तिथं ने.” मी म्हणालो, भुताचा पिक्चर आहे, सोळा वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे. ती म्हणाली, “मग मी काय पंधराची हाय?”

नेलं. मालू उज्वलाताईंकडं होती. मी स्वतः तोवर बघितलेला नव्हता. थिएटर माझ्या ताब्यात असून मी प्रत्येक शोला तिच्या प्रसंगाच्या वेळेला बाहेर येऊन उभा राहायचो. पिक्चर काही खास नाही. तो प्रसंग शेवटाकडं येतो. नवरा कंदील घेऊन खंदकाच्या पायऱ्यांवर येतो. ती वळते. ये की, मी हितंच हाय. आईनं माझा हात धरला. मला वाटलं आता काळं होणार. झालं नाही, मुकुल. ट्रेलर तिथं तुटतो, प्रसंग तुटत नाही. तो माणूस एक पायरी उतरतो, पाण्यात पाय टाकतो. ती त्याच्याकडं बघत राहते, आणि तिचा चेहरा बदलतो. मालू तापानं फणफणली असताना विशाखा तिच्या कपाळावर हात ठेवून बघायची, तेव्हा व्हायचा तसा. मग म्हणते, “नको येऊस. पाणी लई गार हाय. जा माघारी.” आणि पाठ फिरवून ती एकटीच आत जाते. तो पायरीवर उभा राहतो. दिवस उजाडतो. तो वर चढून येतो.

आई पिक्चर संपेपर्यंत बसून होती. बाहेर आल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “त्यांनी अर्धंच दाखवलं होतं की रे.” घरी आल्यावर जेवली, नीट जेवली. त्या दिवसापासून टीव्ही मालू लावेल तेव्हाच लागतो.

मालूचंही सांगायचं आहे. तुला न विचारता एक गोष्ट केली, राग आला तर येऊ दे. इथं आल्यावर तिनं मला विचारलं होतं, “मामा, तुझ्या थिएटरला पण पडद्यामागं दार आहे?” मी एका सकाळी तिला घेऊन गेलो. आई बरोबर होती. दिवे लावले आणि दोघींना पडद्याच्या मागं नेलं. तिथं काय असतं? भिंत, मोठाले स्पीकर, जुन्या खुर्च्यांचा ढीग, धूळ. मालूनं सगळ्या कोपऱ्यांत जाऊन बघितलं. खुर्च्यांच्या मागंही बघितलं. मग विचारलं, “मग आवाज कुठून येतो?” मी आप्पासाहेबांना एक गाणं लावायला सांगितलं आणि तिचा तळहात स्पीकरवर ठेवला. ती कितीतरी वेळ हात ठेवून उभी होती. मग तिनं कान लावला. मग बाजूचं दार तिनंच उघडलं. बाहेर आमचा वॉचमन बादलीत गमछा भिजवत होता, तो हिला बघून हसला. तिनं आईला सांगितलं, “आजी, इथं पण कुणी नाही.” आई म्हणाली, “न्हाई बाळा.” घरी येताना ती गाडीत रडली, खूप रडली, विशाखा गेली तेव्हा रडली नव्हती तेवढी. आईनं तिला मांडीवर घेतलं आणि रडू दिलं. त्यानंतर आजवर तिनं एकदाही जायचं का असं विचारलेलं नाही. पोरगी बरी आहे. आठवण काढते, फोटो बघते, पण शोधत नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते लिहितो. हे पत्र मालूसाठी नाही. परवा लातूरच्या थिएटरचे मॅनेजर विरूपाक्ष कामासाठी इथं आले होते. चहा झाल्यावर जरा घुटमळले आणि म्हणाले, “अवधूतराव, राग नका मानू, पण सांगावं वाटलं. तुमचे दाजी लई दिवस झालं येऊन राहिलेत. एकटेच. तिकीट काढतेत, ट्रेलर बघतेत, पिक्चर सुरू झाला की उठून जातेत.” जानेवारीपासून, म्हणाले. आधी त्यांना वाटलं तू तक्रारीसाठी पुरावा गोळा करतोयस. पिक्चर लागला त्या दिवशीही तू आलास, तिकीट हातात घेऊन बाहेर उभा राहिलास, सगळे आत गेले आणि तू तिकीट तिथंच बाकावर ठेवून निघून गेलास. आणि गेल्या आठवड्यात तू खिडकीवर विचारलंस की तो ट्रेलर अजून कोणत्या शोला असतो का. मुकुल, दारू सुटत नसली की माणूस दुकानच बंद करा म्हणतो. तू मला मुंबईला कशाला पाठवलं होतंस ते मला परवा कळलं. सेन्सॉरचे शिक्के सात, तेरा, सोळा, सगळे लेकरांच्या वयाचे आहेत. आपल्या वयाच्या माणसानं काय किती वेळा बघावं हे कुणी ठरवून दिलेलं नाही. पिक्चर लातूरहून कधीच गेला, इथंही मी तो एका शोपुरता धरून ठेवलाय, गुरुवारपर्यंत. शुक्रवारी नवा लागेल. पत्र एका पोराच्या हाती बसनं पाठवतोय, उद्या तुला मिळेल. गुरुवारी सकाळच्या बसनं निघ, मी स्टँडवर असेन. सकाळच्या शोला दुसरं कुणी नसतं. मी तुझ्या शेजारी बसेन, पण मधेच उठायचं नाही, शेवटपर्यंत बसायचं, ती काय म्हणते ते पूर्ण ऐकायचं. दिवे लागले की घरी जाऊ. आईला मी तुझं पान वाढायला सांगून ठेवलंय.

तुझाच,
अवधूत